आवाज आला तरच

कर्वेनगरचे गोपाळकृष्ण सबनीस खोल्या मुक्या करून देतात. सिनेमावाल्यांना अशा खोल्या लागतात. बाहेर डंपर जावो नाहीतर वरात, आतल्या रेकॉर्डिंगमध्ये त्याचा मागमूस राहता कामा नये. माणूस कामाला चोख आणि जिभेला तिखट. भिंतीच्या आत पोकळी सोडून दुसरी भिंत उभी करायची, ही त्यांची रीत. कुणा सुताराचा एखादा स्क्रू चुकून दोन्ही भिंतींना टेकला, की त्या सुताराचं काही खरं नसायचं. "दोन भिंतींची सोयरीक जुळवायला बोलावलंय का तुम्हाला?" असं विचारायचे. आवाजाला पलीकडे जायला तेवढा स्क्रू पुरतो, आणि सबनिसांना शिव्या घालायलाही.

खराडीच्या नव्या स्टुडिओत त्यांनी एक छोटी खोली बांधली. सिनेमातली पावलं, भांडी, दारं यांचे आवाज वेगळे रेकॉर्ड करून घ्यायला. खिडकी नाही, काच नाही. मालक पृथ्वीराज तिशीचा, सज्जन, सांगितलेलं मुकाट ऐकणारा. आता सज्जनपणाने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे कुणाच्या डोक्यात येणार?

दुपारी चाचणी ठरली. "मी आत जाऊन बोंबलतो," सबनीस म्हणाले, "तुम्ही बाहेर कान देऊन बसा. माझा आवाज आला तरच दार उघडायचं. उगाच मधे डोकावलात तर सगळा बट्ट्याबोळ."

"बरं, काका," पृथ्वीराज म्हणाला.

शिडीवर चढून हवेची दोन्ही तोंडं बोळे कोंबून बंद केली, फोन आणि शिडी बाहेर ठेवली, दार ओढून घेतलं. मग सबनीस मनसोक्त ओरडले. "चोर, चोर!" झालं, "आग लागली!" झालं. समाधानाने त्यांनी दाराची मूठ फिरवली आणि ती हातातच आली.

चांगली मूठ अजून यायची होती. ही त्यांनीच बसवली होती, तात्पुरती. आपल्याकडचं तात्पुरतं म्हणजे काय, हे का सांगायला हवं? मुठीची सळई तुटून कुलपात अडकली होती आणि दार जागचं हलत नव्हतं.

"पृथ्वीराज! अहो, दार उघडा!"

मग स्वतःचंच वाक्य आठवलं. आवाज आला तरच. सबनिसांच्या पाचावर धारण बसली. बाहेर तो भला माणूस कान देऊन बसला असणार, काही ऐकू येत नाही म्हणून खूशही होत असणार. ओरडू तेवढं कमीच, आणि ओरडून उपयोग शून्य!

भिंतीचा गोंद अजून ओला होता. त्याचा वास घशाला चावायला लागला, श्वास आखूड झाला. बोळे वर छताशी, हात पोचत नव्हता. त्या शांततेत त्यांना आपल्याच छातीचे ठोके ऐकू येत होते, आणि ते बिलकूल बरे वाटत नव्हते. घरी बायकोला, शालूला कोण सांगेल? "यांनी स्वतःलाच चिणून घेतलं," असं सांगणार का तिला? ते गुडघ्यांवर बसले, दाराखालच्या रबरात नखं खुपसली. कुठे फट? कुठे एखादी चूक? आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस आपल्या कामात खोट सापडावी म्हणून देवाचा धावा करत होता. खोट नव्हती. ते रडले, अगदी मोठ्याने. तेही कुणाला ऐकू गेलं नाही.

डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली तेव्हा त्यांना माइकचा लोखंडी स्टँड दिसला. भिंत! दोन भिंतींची सोयरीक! सबनिसांनी स्टँडचा दांडा काढला आणि आपल्या हातांनी गुळगुळीत केलेल्या भिंतीत खुपसला. एकदा, दोनदा, घाम पुसत पुन्हा. जिप्समचा बोर्ड फुटला, पोकळीत आवाज शोषायला भरलेली लोकर बाहेर आली, आणि दांड्याचं टोक पलीकडच्या भिंतीला खटकन टेकलं. तसंच ते टेकवून धरलं आणि तुटक्या मुठीने दांड्यावर ठोकत सुटले. हात सोलवटला तरी थांबले नाहीत.

दार उघडलं. दारात पृथ्वीराज, चेहरा पडलेला.

"काका, खोली नापास झाली हो," तो हळहळून म्हणाला. "इतका वेळ एकदम शांत होतं. आत्ताच त्या भिंतीतून ठणठण यायला लागली."

सबनीस धडपडत पुढे झाले आणि उंबऱ्यातच बसले, एक पाय आत, एक बाहेर. पृथ्वीराजने सवयीने दार लोटायला हात लावला, तसा त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"नको," ते म्हणाले. "नापासच राहू दे."