बोकड्या आलेला प्लॉट

"तात्या, झाडं अजून उभी कशी?"

अंथुर्णे गावातल्या त्या टोमॅटोच्या प्लॉटमध्ये पाय टाकण्याआधीच मी विचारलं. पानं वाटीसारखी वळलेली, शेंडे आखडलेले, फळाचा पत्ता नाही. झाडाला हात लावला की पांढऱ्या माशीचा थवा उठत होता.

"तुमच्याच सरांनी सांगितलं न्हवं," सोपानतात्या म्हणाले. "पुण्याला औषध तयार व्हतंय, तवर प्लॉट मोडू नका."

नव्वदच्या दशकाची अखेर होती. मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत वनस्पतींच्या विषाणूंवर काम करत होते. बोकड्या हा विषाणूचा रोग. पांढरी माशी रोगट झाडाचा रस पिते आणि विषाणू शेजारच्या झाडात सोडते. मग उपाय एकच, झाड उपटायचं. शेजारचा प्लॉट तात्यांच्या धाकट्या भावाचा, भीमरावांचा. तो हिरवागार होता. वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. या दोघांनी मिळून विहीर पाडली आणि बागायत धरली.

सर म्हणजे आमच्या लॅबचे प्रमुख. ते ज्याला औषध म्हणाले, ते आमचं प्रोटीन. हा विषाणू म्हणजे डीएनएचं छोटं कडं. त्याच्या प्रती काढायला विषाणूचं स्वतःचं प्रोटीन त्या कड्यावर एका ठरावीक जागी येऊन बसतं. आम्ही दुसरं प्रोटीन घडवलं, तीच जागा आधी अडवणारं. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात, तसं. त्याच्या भागांना झिंक फिंगर म्हणतात, कारण बोटासारखा प्रत्येक भाग जस्ताच्या अणूभोवती दुमडलेला असतो आणि डीएनएची साधारण तीन अक्षरं ओळखतो. डिशमधल्या पेशींत ते चाललं होतं. विषाणूच्या प्रती जवळजवळ थांबल्या होत्या.

"तात्या, औषध नाही. एकाही अख्ख्या झाडात अजून आम्ही ते करून बघितलेलं नाही."

"मग शेतकऱ्यांच्या भर मीटिंगीत सांगितलं त्ये?"

"ते सांगायला नको होतं. आजच प्लॉट मोडा. आधी फवारा, मग उपटा. नाहीतर माशी उठून पलीकडे जाईल."

त्यांनी पंप पाठीला लावला. नंतर घरची सगळी माणसं उपटायला आली, मीही वाकले. लॅबच्या चाचण्यांसाठी विषाणू जिवंत राहावा म्हणून काही फांद्या मी कलमासाठी ओल्या फडक्यात बांधून घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सरांनी केबिनमध्ये बोलावलं.

"विषाणूचा सोर्स प्लॉट काढून टाकलास? ग्रँटच्या रिव्ह्यू कमिटीला फील्डवर काय दाखवू?"

"कलमं जाळीच्या नेटहाउसमध्ये आहेत, सर. शेजारी त्यांच्या भावाचा प्लॉट आहे."

"लोकांना थोडी आशा नको द्यायला?"

"आशेवर त्यांनी झाडं उभी ठेवली."

सरांनी फाइल उघडली. मी बाहेर आले.

पुढच्या फेरीला भीमरावांच्या प्लॉटचे शेंडे वळलेले दिसले. विषाणू आधीच शिरला होता, दिसायला वेळ लागतो एवढंच. भीमराव बांधावर उभे होते.

"म्याडम, ह्याच्या रानातनं आलं ह्ये," ते मोठ्या भावाकडे न बघता म्हणाले. "मी रोज म्हनत हुतो, उपट. तर म्हनायचा, पुण्यासनं औषध येतंय."

"भीमराव, चूक आमच्या लॅबची आहे. तात्यांना आम्हीच थांबवलं."

"तुमी जाशाल पुण्याला. मला ह्याच्याशेजारी ऱ्हायचंय."

तात्या खाली बसले. ढेकूळ हातात घेऊन फोडत राहिले.

लॅबमध्ये आम्ही त्या प्रोटीनचं जनुक टोमॅटोत घातलं. ज्या रोपांत प्रोटीन भरपूर तयार झालं, ती वाढलीच नाहीत. ते झाडाच्या स्वतःच्या डीएनएवरही नको तिथे बसत असावं. जी रोपं जोमानं वाढली, त्यांच्यात प्रोटीन नावालाही नव्हतं. कलमातून विषाणू दिला तेव्हा त्यांची पानं नेहमीसारखी वळली. ग्रँट संपली, प्रकल्प बंद झाला. डिशमधल्या निकालांवर सरांचा पेपर मात्र छापून आला. त्यात माझंही नाव आहे.

त्या भावांनी पुढे विहिरीचं पाणी वाटून घेतलं, एकाने दिवसा आणि दुसऱ्याने रात्री. मोटर कोणी चालू करायची एवढंही एकमेकांशी बोलावं लागू नये म्हणून.

निवृत्त होईपर्यंत मी शेतकऱ्यांच्या पुष्कळ मीटिंगा घेतल्या. लॅबमध्ये काय चाललंय, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, पण शेवटी. आधी आज रानात काय करायचं ते सांगायचे, आणि तेवढं झाल्यावर बरेच जण उठून जायचे.