घोरपडीसाठी दोर

"तळ्याचं सुशोभीकरण झालं आणि तळ्यातली घोरपड मरायला टेकली." माझ्या पत्रकाचं हे पहिलं वाक्य वाचून बाबा म्हणाले, "पहिल्याच ओळीत मारू नकोस. आधी लोकांना ती जिवंत दाखव." बाबांनी बँकेच्या युनियनसाठी आयुष्यभर पत्रकं लिहिली. मी वाचायला शिकले तीही पलंगाखालच्या त्या गठ्ठ्यांवरच. तेव्हा त्यांचं ऐकते. आधी जिवंत.

आम्ही कोलकात्याच्या बागबाजारात राहतो. बाबा बदली होऊन इथे आले, निवृत्त झाले, आणि आम्ही इथलेच झालो. सोसायटीच्या मागे एक तळं आहे. त्याचे काठ पूर्वी मातीचे होते, अळू माजलेला असायचा. सकाळी ऊन आलं की घोरपड पाण्यातून निघून काठावर पसरायची, मान उंच करून, जणू तळं तिच्याच नावावर आहे. बंगाली शेजारी "गोशाप, गोशाप!" म्हणत पोरांना मागे ओढायचे. आमच्यासारखी चार मराठी घरं मात्र हरखून जायची. घोरपडीला दोर बांधून मावळे कडा चढले, ही गोष्ट आम्हाला भाताच्या घासाबरोबर भरवलेली. इथे वाढलेली, एरवी मराठीत अडखळणारी पोरंही ती धडाधड सांगतात.

मग सुशोभीकरण झालं. उभी सिमेंटची भिंत, तिला निळ्या गुळगुळीत फरशा, वर रेलिंग, मधोमध रंगीत दिव्यांचं कारंजं. उद्घाटनाला संदेश ही इथली मिठाई वाटली. माती गेली, अळू गेला, आणि पाण्याबाहेर येण्याची वाटही गेली. पोहण्याच्या तलावात माणसासाठी शिडी लागते, हे ठेकेदाराला आणि सोसायटीच्या कमिटीला माहीत होतं. तळ्यात आधीपासून राहणाऱ्यांनाही बाहेर यावं लागतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. की आलं आणि सोडून दिलं?

घोरपड आतच राहिली. बाजारातले कोंबडीवाले मागच्या बाजूच्या रेलिंगमधल्या फटीतून आतडी, पिसं तळ्यात ढकलतात, ती ते खात राहिली आणि बघता बघता दुप्पट झाली. सगळ्यात जास्त राग मला पुढच्या गोष्टीचा आहे. आमची मराठी मंडळी खूश झाली! "काय अंग धरलंय बघा!" "उगाच नाही किल्ले घेतले हिने!" रविवारी मटण झालं की रेलिंगवरून हाडं पडायची. उकडलेली अंडी बाबा स्वतः टाकायचे, कौतुकाने, सोलून.

आईच्या ओळखीच्या एक पशुवैद्य आहेत. त्यांना मी मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"ही जाड नाही गं, फुगलीय. घोरपडीला अन्न पचवायला ऊन लागतं. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पोटात कुजतं. जबडा बघ, सुजलाय. काखेत गोचिड्या आहेत. उन्हात कोरडी झाली असती तर त्या इतक्या माजल्या नसत्या."

"पकडून दुसरीकडे सोडली तर?"

"कुठे? मातीचा काठ उरलेलं तळं दाखव मला या भागात. तिला वर येऊ द्या आणि तुमची मेजवानी बंद करा."

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबांचं उत्तर तयार होतं. "चढेल की. घोरपड आहे ती."

"बाबा, कड्याला भेगा असतात. फरशीत नखं कुठे रोवणार?"

ते माझ्याबरोबर खाली आले. घोरपड भिंतीशी आली, पुढचे पाय टेकवले, अंग उचललं आणि घसरली. पुन्हा उचललं, पुन्हा घसरली. फरशीवर नखांचा करकर आवाज. मग पाण्यात तशीच पडून राहिली. बाबांच्या खिशात अंडं होतं. ते खिशातच राहिलं.

आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. बंगालवरच्या जुन्या मराठा स्वाऱ्यांमुळे इथे मराठी माणसाला अजून गमतीने बर्गी म्हणतात. सेक्रेटरी हसत म्हणाले, "क्या दादा, बर्गी लोग अब पुकुर भी लूटेगा?" पुकुर म्हणजे तळं. बाबाही हसले आणि एक उतार मागितला. फक्त एक. सेक्रेटरींचं हसू गेलं. "गोशाप ऊपर आएगा, बच्चा लोग डरेगा। इतना सुंदर बनाया, सब खराब दिखेगा।"

सुंदर! आत एक जीव कुजतोय आणि हे दिसण्याची काळजी करतात.

बाबांनी एका लांब फळीवर काथ्याची जुनी चटई ठोकली. फळीचं खालचं टोक पाण्यात तिरकं सोडलं आणि वरचं जाड दोराने रेलिंगला बांधलं. संध्याकाळी वॉचमनने ती काढून ठेवली, त्याला सेक्रेटरींनी तसं सांगितलं होतं. सकाळी बाबांनी पुन्हा बांधली. पुन्हा काढली गेली. हे चालू असताना मी मराठी घरांमध्ये फिरले, अंडी थांबवा म्हणून. एक काकू म्हणाल्या, "अगं, उपाशी मारायचीय का तिला?" मी त्यांना खाली नेलं आणि नखांचा आवाज ऐकवला. पुढच्या रविवारी रेलिंगपाशी कोणी आलं नाही.

आणि एका सकाळी ती चढली. पोट चटईवर घासत, अर्ध्यात थांबून, धापा टाकत. वर येऊन रेलिंगखालच्या काठावर उन्हात पसरली. सुजलेला जबडा जवळून फारच वाईट दिसत होता. मान मात्र उंच होती.

तेवढ्यात सेक्रेटरी आले. बाबा दोराच्या गाठीवर हात ठेवून उभे राहिले. "खोलना है तो खोलिए। लेकिन पहले उसको नीचे उतरने दीजिए।"

सेक्रेटरी घोरपडीकडे बघत राहिले. तिला घाई नव्हती. ऊन चढलं, त्यांना ऑफिसला उशीर होऊ लागला, आणि ते निघून गेले.

आता रोज सकाळी बाबा त्या गाठीपाशी खुर्ची टाकून पेपर वाचतात. घोरपड बरी होईल की नाही, पशुवैद्य बाई सांगू शकत नाहीत. कोंबडीवाल्यांची फट अजून बुजवलेली नाही. फळीही किती दिवस टिकणार? म्हणून पत्रकाची पहिली ओळ मी बदलली आहे. मराठीत, बंगालीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत: तळ्याला उतार द्या.