हिरवा रिपोर्ट

माझ्या थोरल्या बहिणीची पाळी गेली नव्हती, काढली होती. पस्तिशीही उलटली नव्हती तिची. अंगावर फार जातं म्हणून निपाणीला सासरच्यांनी दवाखान्यात नेली आणि पिशवी काढून घरी आणली. त्यांच्या गल्लीत याचं नवल नव्हतं. दाढ काढल्याचं सांगावं तसं बायका ते सांगत. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली होती. त्यानं पुढं काय होतं, हे घरात कुणी विचारलं नाही आणि दवाखान्यात कुणी सांगितलं नाही. त्या थंडीत आक्का पंख्याखाली बसायची, एवढंच मला आठवतं.

पन्नाशीनंतर ती वाकू लागली. लहानपणी मी तिच्या खांद्याला लागत असे. आता तीच माझ्या खांद्याला लागायची. पाठ दुखते म्हणाली की दाजी, म्हणजे तिचे यजमान, कापडाच्या दुकानातून आल्या आल्या म्हणत, "दिवसभर उभा मी ऱ्हातोय आणि पाठ हिची दुखती."

भाचा बेळगावला उद्यमबागेत एका कारखान्यात इंजिनिअर आहे. कारखान्यातर्फे दरवर्षी घरच्यांच्या रक्ताची तपासणी होते. रिपोर्ट मोबाइलवर येतो. ठीक असेल ते हिरवं, बिघडलेलं असेल ते लाल. रविवारी निपाणीला घरी आला की जेवताना तो सगळ्यांचे रिपोर्ट मोठ्यानं वाचायचा. घरातला तो एक करमणुकीचा कार्यक्रमच होता. मीही एकदा त्या पंगतीत होते.

"अण्णा, तुमची साखर लाल हाय. श्रीखंड बंद."

"मग जगून तरी काय करू रं?" दाजी कुरकुरले.

"आई, तू सगळी हिरवी. कॅल्शियम तर एक नंबर."

"मग पाठ का दुखती रं?" आक्कानं वाढता वाढता विचारलं.

"काम चुकवायचं असंल," दाजी म्हणाले. सगळे हसले. आक्काही हसली, आणि भाताचं पातेलं उचलताना तिनं दुसरा हात ओट्यावर टेकवला.

पुढं एका लग्नासाठी ती बेळगावला, माझ्याकडं अनगोळला आली. मी तिला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. पाळी कधी गेली, असं बाईंनी विचारलं. "गेली न्हाय, काढली," आक्का म्हणाली. बाईंनी लिहायचं थांबवलं. अंडाशयं गेली की हाडांची राखण करणारं संप्रेरक जातं, हे त्यांनी समजावून सांगितलं. आणि रक्तातलं कॅल्शियम? ते शरीर काहीही करून जागेवर ठेवतं, कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. हाडं पोकळ होत जातात आणि रक्त मात्र नीट दिसतं. इतकी वर्षं ज्या आकड्यावर तिचं दुखणं खोटं ठरत होतं, तो आकडा हाडांविषयी काही सांगतच नव्हता.

बाईंनी दोन गोष्टी लिहून दिल्या. एक, सकाळी उपाशीपोटी द्यायची रक्ताची तपासणी. हाड झिजताना त्याचे बारीक अंश रक्तात उतरतात, ते मोजायचे. दुसरी, यंत्रावर हाडांची घनता. "रक्तावरून झीज किती वेगानं चाललीय ते कळेल," त्या म्हणाल्या, "पण हाड किती उरलंय ते यंत्रच सांगेल. दोन्ही करा, मग लगेच औषध सुरू करू."

रक्त दुसऱ्या दिवशी माझ्या घरीच दिलं. यंत्राची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आणि दाजींनी तिला आधीच परत बोलावलं. नंतर एका रविवारी सकाळी तिचा फोन आला. इतकी आनंदात ती कितीतरी दिवसांत बोलली नव्हती.

"लाल आलं गं! पोरानं आत्ता वाचून दाखवलं. लई वाढलंय म्हणं. ह्यांनी सुदिक ऐकलं."

आजार सापडल्याचा हा आनंद. मी फक्त यंत्राचं विचारलं. दाजींनी फोन घेतला.

"रक्तात कळलंच की. आता आनि यंत्र कशाला? दिवाळीचं गिऱ्हाईक हाय, घर कोन बघनार?"

"मी येऊन नेते तिला."

"पुस्तकं वाचून डॉक्टर झालीस व्हय गं? दिवाळी झाली की बघू."

आक्का मागून म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. आता म्हाईत झालंय न्हवं सगळ्यांना." तिला तेवढंच पुरेसं वाटत होतं. आपलं दुखणं खरं आहे, हे घरानं मान्य केलं होतं. कामं मात्र तिच्याकडंच राहिली. दिवाळीच्या साफसफाईत गादी उन्हात टाकायला म्हणून तिनं उचलली आणि तिथंच खाली बसली. खुबा मोडला होता. बेळगावला आणून शस्त्रक्रिया केली. तिथल्या सर्जननं सांगितलं की पडून हाड मोडलं नसावं, हाड मोडलं म्हणून पडल्या. मग छातीत कफ भरला आणि दिवाळीचे दिवे लागायच्या आत ती गेली.

आमच्यात रक्षाविसर्जनाला बायका जात नाहीत. पुरुष राख सावडून आले, हातपाय धुऊन सोप्यात बसले. चहा फिरत होता. भाचा मोबाइल खिशात ठेवून भिंतीला टेकला होता. दाजी समाचाराला आलेल्यांना सांगत होते,

"हाडं म्हनून मिळालीच न्हाईत बघा. नुसती राख. हात लावंल तिथं भुगा. पुन्यवान जीव, मागं काय ठेवलं न्हाय."

माणसांनी माना डोलावल्या. एक म्हातारे म्हणाले, असं भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

मी तशी चारचौघांत बोलणारी नाही. तेव्हा मात्र बोलले. "दाजी, हाडं आज गेली न्हाईत. ती जिवंत होती तवाच गेलती. रिपोर्टात आलं होतं."

दाजींनी भाच्याकडं पाहिलं, भाच्यानं फरशीकडं. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बहिणीचं दुःख हाय, बोलू द्या तिला," आणि माझ्यासमोर पाण्याचा तांब्या आणून ठेवला.