शब्दमहर्षींचा तीर

शब्दकोशाच्या कचेरीत संपादकांना सगळे पाठीमागे 'शब्दमहर्षी' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांना ते कौतुकच वाटलं असतं. टायपिंगबाई मात्र काहीच म्हणत नसत. सव्वीस वर्षं त्या या माणसाचं गिचमिड अक्षर लावत आल्या होत्या आणि त्यांचं मत केव्हाच बनलं होतं: नुसता बडेजाव, आत ठणठणाट.

महर्षी अकराला यायचे, टेबलावर चार जाडजूड ग्रंथ उघडून ठेवायचे आणि त्यांच्या आडोशाला डुलक्या काढायचे. अडलं तर ते ग्रंथ चाळायच्या त्या बाई.

एकदा 'तिरस्कार' या शब्दाचं कार्ड टायपिंगला आलं. महर्षींनी झोकात लिहिलं होतं: 'तीर म्हणजे बाण. बाणासारखा लागतो, म्हणून तिरस्कार.'

बाई कार्ड घेऊन आत गेल्या. "सर, यात तीर नाही. मूळ शब्द 'तिरस्', म्हणजे आड. तिरस्कार म्हणजे आड करणं, नजरेसमोरून दूर सारणं. संस्कृतात पडद्याला तिरस्करिणी म्हणतात, ती त्याच घरातली."

महर्षींनी मानही वर केली नाही. "तुमचं शिक्षण किती हो, बाई?"

"मॅट्रिक."

"मग बोटं चालवा. डोकं चालवायला मी आहे."

बाईंची कानशिलं तापली. त्यांनी होतं तसं टाइप केलं आणि महर्षींच्या हातचं मूळ कार्ड पेटीत लावून टाकलं.

खंड छापून झाला. प्रकाशनाचा समारंभ कचेरीच्याच सभागृहात ठेवला होता. महर्षींचं भाषण रंगात आलेलं असताना एक म्हातारे मास्तर उठले. "अहो, तिरस्कारात हा बाण कुठून घुसला?"

महर्षींनी पान पाहिलं आणि गोड हसले. "टंकनदोष! आमच्या टायपिंगबाई अधूनमधून स्वतःची अक्कल चालवतात."

लोक खो खो हसले. तिसऱ्या रांगेतल्या बाई उठल्या, शेजारच्या खोलीत गेल्या आणि ते मूळ कार्ड आणून त्यांनी मास्तरांच्या हातात ठेवलं. मास्तरांनी चष्मा पुसून ते मोठ्यानं वाचलं. खाली महर्षींची सही होती, चांगली झोकदार वळणाची.

"घाईघाईत..." महर्षी पुटपुटले. आता कोणी हसलं नाही. लोक खुर्च्यांत अवघडून बसले होते.

आठवडाभरानं शुद्धिपत्र काढायचं ठरलं. महर्षींनी त्यातही 'टंकनदोष' लिहून पाठवलं होतं. बाईंनी ते खोडून 'संपादकाची चूक' असं टाइप केलं आणि कागद थेट कोशाच्या समितीपुढे नेला. समितीनं तो मुकाट्यानं मंजूर केला.

घरी बहिणीनं विचारलं, "जिरवलीस ना त्याची? मग तोंड असं का?"

"त्याचं काय, तो होताच तसा," बाई म्हणाल्या. "पण असल्या माणसाच्या टेबलासमोर मी सव्वीस वर्षं हात जोडून उभी राहिले. कीव येते ती माझीच."

दुसऱ्या दिवसापासून शंकेचं प्रत्येक कार्ड त्या स्वतःच्या सहीनं समितीकडे धाडू लागल्या.