बाकीचं आल्यावर

"मान खाली!"

दोन बोटं गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टेकवायची, हलका दाब द्यायचा आणि हे दोन शब्द उच्चारायचे. खुर्चीत कारखान्याचा मॅनेजर असो नाहीतर भंगारवाला, मामा आधी त्याची मान खाली घालत आणि मग विचारत, "बोला, कसे कापायचे?" हनुवटी छातीला टेकल्यावर माणूस काय बोलणार, कपाळ! आणि बोलला तरी उपयोग नव्हता. मामांना एकच कटिंग येत होती.

बोईसरहून बेटेगावकडे निघालात की डाव्या हाताला आमची पत्र्याच्या गाळ्यांची लाइन लागते. पहिला गाळा माझा, पोळी-भाजीचा. दुसरा मामांचा, केस कापायचा. मध्ये प्लायवूडची भिंत, तीही वरून उघडी. माझ्या कुकरच्या शिट्ट्या तिकडे जात आणि त्यांच्या गप्पा इकडे येत. सलूनमध्ये पुरुष आपसात काय बोलतात याचं बायकांना भारी कुतूहल असतं. मी सहा वर्षं पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलंय, तेव्हा सांगते, बायांनो, तुमचं काहीही हुकलेलं नाही.

मामा मूळचे माणचे, मी कराडकडची. माझे मालक इथे केमिकल कंपनीत लागले म्हणून मी आले. मामा फौजेतून रिटायर होऊन आले. फौजेत होते म्हटल्यावर लोक आदराने बघत आणि विचारत, "मामा, लढाई बघितली का?" मामा गंभीर चेहऱ्याने सांगत, "बघितली म्हंजी? माझ्या हातनं एक डोकं सुटलं न्हाय." मग कुणीतरी खुलासा करी, की मामा फौजेत न्हावी होते.

त्यांच्या भिंतीवर हिरोंच्या केशभूषांचं रंगीत पोस्टर होतं. कॉलेजची पोरं त्यावर बोट ठेवून म्हणत, "मामा, असा कट." मामा म्हणत, "बराय. मान खाली!" पाच मिनिटांनी पोरगं आरशात बघायचं तर तिथे एक रंगरूट बसलेला. पोरगं ओरडलं की मामा शांतपणे सांगत, "ते पोस्टर हाय व्हय? ते शोभेला लावलंय."

डोक्याची पाठीमागची बाजू हा मामांचा खास विषय. चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पण डोक्यावरच्या खोका राहत. "ताई," ते भिंतीवरून म्हणत, "खेड्यातल्या पोराच्या डोक्याला खोक असतीच बगा. चिंचंवरनं पडलेलं, धोंडा लागलेला, म्हशीनं आपटलेलं. बंगल्यातलं डोकं म्हंजी कसं, सुरई. फौजेत मी सगळी जिंदगी डोकी बघितली, पर सुरई लई कमी गावली."

"म्हणजे बंगलेवाल्यांची पोरं पडत नाहीत का?" मी विचारलं.

"पडत असतील की. फौजेत न्हाय पडत." वर म्हणाले, "आन् परत्येक खोक कशाची ते आईला ठावं असतं. तुमच्या पोराची ती डोक्यावरली कशाची?"

"पाण्याच्या टाकीवरून पडला. पतंगामागं."

"हां. बगा."

माझा सूरज फौजेत आहे. आमच्या लाइनीत तेवढा एकच. बाकीची पोरं तारापूरच्या कंपन्यांत चिकटली. याला आजोबांच्या गावाचं वारं लागलं, तिकडे घराआड एक फौजी. भरतीला गेला तेव्हा मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी बेसनाचे लाडू केले. आपलं रागावणं हे असलंच.

गेल्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला होता. आल्यापासून दोनच उद्योग, झोपणे आणि आंबे खाणे. केस कानावर आले होते, मला बरं वाटत होतं बघायला. तेवढ्यात तिकडे सीमेवर पेटलं. टीव्हीवरची माणसं एकमेकांच्या अंगावर ओरडत होती, त्यांच्यातलं कुणी जाणार नव्हतं. सूरजला फोन आला तेव्हा त्याच्या हातात बाठा होता. "हां साब, हां साब" म्हणत त्याने सगळं ऐकलं, बाठा चोखून संपवला, हात धुतले आणि म्हणाला, "आई, मामांकडनं केस कापून येतो. संध्याकाळची गाडी आहे."

मी पोळ्या तशाच सोडून मागोमाग गेले. मामांनी त्याचे केस मन लावून कापले. आणि शेवटी बघते तर काय, उजव्या कानामागे बोटभर केसांचा झुपका तसाच ठेवलेला!

"आवं मामा, हे काय? कानामागं शेंडी ठेवली व्हय पोराला?"

"ऱ्हाऊ द्या." मामांनी कापड झटकलं. "बाकीचं आल्यावर."

माझं डोकंच फिरलं. पोरगं लढाईवर चाललंय आणि या माणसाला थट्टा सुचतेय! मी तिथलीच कात्री उचलली. मामांनी माझा हात धरला. सहा वर्षांत आवाज न चढवलेला माणूस, पण त्या दिवशी दरडावून म्हणाला, "ताई, हात लावायचा न्हाय."

सूरज आपला हसतोय. तसाच झुपका घेऊन तो रिक्षात बसला आणि स्टेशनला गेला. रिक्षा वळेपर्यंत मला फक्त तो झुपकाच दिसत होता.

मी गाळ्यात परत आले आणि उगाच कणीक तिंबत बसले. थोड्या वेळाने मामा आले. माझ्याकडे ते कधी आत येत नसत. तेलाच्या डब्यावर बसले.

"डोंगरातली लढाई झाली तवाची गोष्ट हाय," ते म्हणाले. "आमची पोरं वर जायची व्हती. सकाळपासनं रांग. मी एकेकाचं चकाचक केलं. म्हटलं, घरी फोटो गेला तर आईला बरं दिसावं. शेवटाला एक पोरगं बसलं. अर्धं झालं आन् गाडीचा हॉर्न वाजला. ते पळालं की तसंच! म्हटलं, आरं, बाकीचं? तर म्हणतं, बाकीचं आल्यावर, मामा."

"मग?"

"ते आलं. येऊन खुर्चीत बसलं बगा." मामा आपल्या बोटांकडे बघत होते. "ज्यांचं चकाचक केलं व्हतं त्यातली लई पोरं न्हाय आली, ताई."

"आवं, कात्रीनं कुठं माणूस मरतंय का?"

"न्हाय मरत. मला बी कळतंय. पर तवापासनं जाणाऱ्याचं पुरं करायला हातच धजत न्हाय."

मी उठले. चहा ठेवला. साखर घालायची राहिली, आणि मामांनी तो तसाच पिऊन टाकला.

त्याच आठवड्यात सायरनचा सराव झाला. शेजारी तारापूरचं अणुकेंद्र, त्यामुळे असल्या बाबतीत आमचा नंबर पहिला. भर दुपारी भोंगा वाजला. माझे मालक तेव्हा मामांच्या खुर्चीत, तोंडाला फेस. मामांच्या अंगात फौज संचारली. "लेट जाव! सब लेट जाव!" म्हणत त्यांनी अख्खी लाइन रस्त्याकडेच्या फुफाट्यात पालथी पाडली. मोबाइलवाला, चहावाला, दोन गिऱ्हाइकं, आमचे हे, सगळे आडवे.

उभी राहिली ती फक्त सातपाटीची मावशी. रोज मासे घेऊन येते, तिला तोफ लावली तरी ती हलायची नाही. "मी नाय झोपनार," ती म्हणाली. "टोपलीत पापलेट हाय. समोर मांजर हाय. तुमचा बॉम्ब पडंल तवा पडंल, मांजर आत्ता येल."

भोंगा थांबल्यावर सगळे उठले. आमच्या ह्यांच्या तोंडावरच्या फेसाला इतकी माती चिकटली होती, की मी विचारलं, "भाऊ, कोण पाहिजे आपल्याला?" नंतर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

झुपक्याची गोष्ट मी एकटीनेच ऐकली होती, पण प्लायवूडची भिंत काही एकाच बाजूने पातळ नसते. सरावाच्या दुसऱ्या दिवशी मावशी आपल्या नवऱ्याला हाताला धरून घेऊन आली. "आमचा म्हातारा पन बोटीवर तिकडंच जातो, पान्यातल्या बॉर्डरकडं. पकडून नेलं तर वर्सा-वर्सा खबर नाय. तेला कोन सलाम करतंय? तेचं पन थोडं ठेवा."

म्हाताऱ्याच्या डोक्यावर मुळात कानालगत एक झालर तेवढी होती. मामा चारी बाजूंनी फिरून बघत राहिले, की यातलं कापायचं काय आणि ठेवायचं काय. शेवटी त्यांनी नुसती कात्री वाजवली आणि म्हणाले, "ठेवलंय." मावशी एक सुरमई ठेवून गेली.

मग काय, रीघ लागली. बॉयलरवर रात्रपाळी करणारा आला. दुबईला चाललेला आला. आई आजारी म्हणून गावी निघालेला आला. ज्याच्या त्याच्या कानामागे झुपका. मामा वैतागून ओरडत, "आरं, ही फॅशन न्हाय!" आणि ओरडता ओरडता ठेवत. स्टेशनजवळच्या एसी सलूनवाल्याला वाटलं, ही काहीतरी नवीन स्टाइल निघालीय. त्याने 'बेटेगाव कट' म्हणून बाहेर पाटी लावली. सगळी जिंदगी एकच कटिंग करणाऱ्या आमच्या मामांची स्टाइल अशी एसीत पोहोचली.

सूरजच्या झुपक्याचं मात्र तिकडे पोचल्याबरोबर वाटोळं झालं. सुभेदाराने "ये क्या उगाया है?" विचारून तो साफ करायला लावला. फोनवर हे ऐकलं आणि हातातलं लाटणं तसंच ठेवून उठले. मी भिंतीवरून मामांना सांगितलं. ते म्हणाले, "तिकडं कुणी बी कापू द्या. माझ्याकडचं बाकी ते बाकीच."

ते दिवस कसे काढले ते सांगत नाही. पोळ्या करपायच्या. दर सकाळी भिंतीपलीकडून आवाज यायचा, "ताई, फोन?"

"आला."

"हां."

आणि मग पलीकडे कात्री सुरू व्हायची. फोन नाही आला त्या दिवशी मामांची कात्री ऐकू येत नसे. ते वस्तऱ्याचीच कामं घेत. तिकडचं शांत झालं तरी "ताई, फोन?" थांबलं नाही. सूरजची सुट्टी पुढेपुढे जात राहिली, पावसाळा गेला, दिवाळीचा फराळ पार्सलने गेला.

थंडी पडायला लागली होती तेव्हाची दुपार. मी भाजी फोडणीला टाकली आणि लक्षात आलं, की पलीकडे बराच वेळ कात्री वाजत नाहीये. डोकावले. खुर्चीत एक बिहारी वेल्डर, मान खाली घालून. केस अर्धेच कापलेले. मामा त्याच्यामागे बाकावर भिंतीला टेकून बसलेले, कात्री मांडीवर. वेल्डरला पावलांचा आवाज आला असावा. मान तशीच ठेवून तो म्हणाला, "भाभी, अब गर्दन उठाऊँ क्या?"

मला फस्सकन हसू आलं. म्हटलं, मामांना डुलकी लागली वाटतं. मग मी जवळ गेले.

त्या वेल्डरने पुढे महिनाभर कुणाला डोक्याला हात लावू दिला नाही. "मामा बाकी रखके गए हैं," म्हणायचा. कंपनीत हेल्मेट असतं म्हणून निभावलं. मामांचा पुतण्या गावाहून आला, त्याने खुर्ची नेली, आरसा नेला. कात्री माझ्याकडे देऊन म्हणाला, "ताई, ही तुमी ठेवा. घरी कोण वापरणार?" रोज सकाळी मी भिंतीकडे बघून "आला" म्हणायची. वेडेपणाच तो, पण तोंडातून जायचंच.

सूरज आला तो त्यानंतर. बॅग ठेवली, मामांच्या बंद शटरसमोर जरा वेळ उभा राहिला आणि माझ्या गाळ्यात येऊन तेलाच्या डब्यावर पाठ करून बसला.

"आई, माझं बाकी राहिलंय."

मी खांद्यावर पंचा टाकला. मामांची कात्री काढली. दोन बोटं त्याच्या डोक्यामागे टेकवली आणि तोंडातून आपोआप निघालं, "मान खाली!" दोघेही हसलो. मला मेलीला कुठे येतंय कापायला? मेथी खुडल्यासारखी कचकच चालू होती.

डोक्यावरची टाकीची खोक सापडली. तिच्यावरून बोट फिरवलं. आणि खाली डाव्या कानाच्या वर, केसांत, दुसरी. लांब. अजून गुलाबी.

"ही कुठली?"

"कुठली?"

"ही."

"अगं ती होय. बंकरच्या दाराला आपटलो."

"कधी?"

"झालं की आता."

फोन येत होता. दर वेळी "मी मजेत" म्हणत होता. मी भिंतीवरून मामांना "आला" म्हणत होते. माझ्या डोळ्यांना धार लागली. त्याला दिसू नये म्हणून मी त्याची मान आणखी खाली दाबली, आणि तोही शहाणा, वर बघितलं नाही. मी सावकाश केस कापत गेले. त्या खोकेजवळ तर फुंकर घालत घालत.

त्याने हाताने डोकं चाचपलं. "आई, उजव्या कानामागं थोडं राहिलंय."

"असू दे."

"अगं, आत्ता तर आलोय. जायला अजून वेळ आहे."

"असू दे म्हटलं ना. बाकीचं आल्यावर."

त्याने कानामागचा हात काढून घेतला. मी कात्री मिटून पिठाच्या डब्यामागे ठेवली आणि पंचा झटकायला बाहेर गेले.