साकेच्या गावची हारुकोवहिनी

हारुकोवहिनींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका डगमगत्या स्टुलावर चढून दाराच्या चौकटीला पाल्याचा हिरवागार गोळा बांधत होत्या. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आम्ही नुकतेच बहरीनला, मनाम्यात बाजारामागच्या त्या तीन मजली इमारतीत राहायला आलो होतो, आणि मी हातात भाजीची पिशवी घेऊन जिना चढत होते. बाई जपानी आहेत हे दिसतच होतं. आता हिंदीत बोलावं की इंग्रजीत, या विचारात मी असताना वरून आवाज आला, "पडलंय तर धर हां गो माका!"

मी रत्नागिरीची. मालवणी कानाला ओळखीची. पण ती या तोंडून ऐकून मी पिशवीच खाली ठेवली. त्या उतरल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "माझ्या सासूची भाषा. दुसरी माका येणा नाय."

वहिनींचे यजमान वसंतराव परुळेकर मालवणकडचे. बोटीवर इंजिनियर असताना त्यांची बोट दुरुस्तीसाठी जपानच्या एका बंदरात बरेच दिवस अडकली, आणि तिथं हे लग्न जमलं. पुढं वसंतराव बोटीवर आणि हारुकोवहिनी मालवणच्या घरी सासूजवळ, अशी दोन वर्षं गेली. सासूबाईंना मालवणीशिवाय काही येत नव्हतं, सुनेला जपानीशिवाय. त्यात सुनेचे वडील दारू गाळतात ही बातमी वाडीभर झाली. वहिनी ते सांगताना सासूबाईंची हुबेहूब नक्कल करत. शेजारणी नाकं मुरडायला आल्या, तेव्हा सासूबाई सुपातले तांदूळ पाखडता पाखडता म्हणाल्या होत्या, "तांदळाची दारू करतत म्हणजे घरात भात भरपूर असतलो. चेडू उपाशी वाढूक नाय, ह्या बरा."

वडिलांचा साकेचा कारखाना पिढ्यान् पिढ्यांचा होता. गाव डोंगरातलं, बर्फाचं. हिवाळ्यात तांदूळ धुताना कामगार गाणी म्हणत, आणि वहिनी बाहेर बर्फात उभ्या राहून ती ऐकत. कारण आत बायकांना जायची बंदी. हिवाळा सरत आला की नवी साके तयार होई. मग दारावर त्यांच्याकडच्या देवदाराच्या पाल्याचा हिरवा गोळा लागे आणि गावात उत्सव होई. त्या दिवशी सगळ्या कारखान्यांची अंगणं उघडी. लोक हातात इवलासा पेला घेऊन या दारातून त्या दारात जायचे, एकेक घोट घ्यायचे, ढोल वाजायचे. "त्या दिवशी आमकां बायकांक पण अंगणात सोडीत," वहिनी म्हणत. "वर्षभर जो दरवाजो बंद, तो त्या दिवशी उघडो."

लग्नाचं कळल्यावर वडिलांनी तोच दरवाजा त्यांना कायमचा बंद केला. तेव्हापासून वडील त्यांच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. आई गेली तेही धाकट्या भावानं, केंजीनं, कळवलं.

बहरीनला आल्यावर वहिनींनी आपला उत्सव तिसऱ्या मजल्यावर सुरू केला. देवदार कुठून मिळणार? सुरूच्या डहाळ्या चालायच्या. वसंतराव आता गोदीत कामाला होते. तिथं दुरुस्तीला आलेल्या जपानी जहाजांवरचं कुणीतरी त्यांना वर्षाकाठी दोन बाटल्या देई. पेले मात्र अरबी कॉफीचे, बाजारातून आणलेले. बरोबर तळलेले बांगडे आणि सोलकढी. वसईची ब्रिजित, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी, हॉस्पिटलात नर्स होती. ती ड्युटीवरून तशीच यायची. मी आणि माझे यजमान असायचोच. अंगण नव्हतं म्हणून वहिनी आम्हाला घरातल्या घरात फिरवत. पहिला घोट दिवाणखान्यात, दुसरा स्वयंपाकघरात, तिसरा गच्चीवर. "एका दारात सगळा पिऊन टाकलास तर तो उत्सव न्हय, ती तहान," असं त्यांचं म्हणणं.

आमच्या घरी दारूचं नाव काढलेलं चालत नसे. पहिल्या वर्षी मी पेला हातात घेतला नाही. वहिनींनी आग्रह केला नाही. रिकामा झालेला एक पेला माझ्या नाकाशी धरला. "वास घे गो. वासान कोणाचा कूळ बाटणा नाय." पिकल्या फळाचा, नुकत्या उतरवलेल्या भाताचा, असा काहीतरी वास होता. मी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर पांढरं ऊन, टाक्या आणि अँटेना. त्यांना काय दिसत होतं कोण जाणे.

पिण्याबाबत त्यांचा एक नियम होता. "पयलो घोट नाकान घेवचो, दुसरो जिभेन, आनि तिसरो गप ऱ्हवान." तिसऱ्या घोटाला गच्चीवर खरंच कुणी बोलत नसे. ब्रिजितसारखी बडबडी बाईसुद्धा.

मग ते वर्ष आलं. लग्नाला बारा वर्षं होऊन गेल्यावर वहिनींना दिवस राहिले. आधी दोनदा पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी पाचव्या महिन्यापासून अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं. त्याच हिवाळ्यात केंजीचा फोन आला. वडिलांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. कारखाना चालवणारं कुणी उरलं नव्हतं. केंजी शाळेत मास्तर. या हिवाळ्यातली साके शेवटची. उत्सवाच्या दिवशी अंगण उघडायचं आणि मग कायमचं बंद करायचं. ताई, तू ये, असं तो म्हणाला.

"बाबांनी सांगितलं का बोलवायला?" मी विचारलं.

"नाय. पण केंजी म्हणता, त्येनी नको पण म्हटला नाय."

 चौथ्या दिवशी ब्रिजितला बोलावून वहिनींनी विचारलं, विमानात आडवं झोपून नेता येईल का? ब्रिजितनं त्यांचा हात धरला. "बाई, मी तुला खोटं सांगणार नाही. गेलीस तर बापाला भेटशील. पोराचं मी काही सांगू शकत नाही."

वहिनींनी भिंतीकडे तोंड केलं. तशाच म्हणाल्या, "मगे मी हयच ऱ्हवतंय."

उत्सवाच्या दिवशी सकाळी केंजीनं फोन लावला. कारखान्याच्या पुढच्या दुकानातला फोन त्यानं वायर पुरेल तेवढा दाराशी ओढला आणि रिसीव्हर अंगणाकडे धरला. इकडे वसंतरावांनी आपला रिसीव्हर वहिनींच्या उशीजवळ ठेवला. मी आणि ब्रिजित पलंगाच्या कडेला बसलो होतो. खरखरीतून ढोल ऐकू आला. मग माणसांचा गलका, लाकडी खडावांचा आवाज, आणि म्हाताऱ्या पुरुषांचं गाणं. वहिनी ओठ हलवत होत्या. तांदूळ धुण्याचं ते गाणं त्यांना सगळं पाठ होतं. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पण पुसायला त्यांनी हात उचलला नाही.

एकाएकी गलका लांब गेला. कुणीतरी दार लोटलं असावं. पलीकडे फक्त श्वास. वहिनी कोपरावर उठायला लागल्या तशी ब्रिजितनं त्यांना दाबून धरलं. मग एक जड, अडखळता आवाज आला, थोडंसंच बोलला. वहिनींनी उत्तर दिलं. पुन्हा तो आवाज. आणि एक शेवटचं वाक्य.

फोन बंद झाल्यावर कुणाची विचारायची छाती होईना. वहिनींनीच सांगितलं. "बाबांनी इचारल्यानी, थंय तांदूळ कसो गावता? मी म्हटलंय, लांब दाण्याचो. तर म्हणतत, लांब दाण्याच्या तांदळाची साके होणा नाय." त्यांनी पोटावरची चादर नीट केली. "मगे म्हणाले, बाळाक मऊ भात घाल."

बारा वर्षांनी बाप लेकीशी इतकंच बोलला. वसंतराव उठून गॅलरीत गेले.

वडील त्याच उन्हाळ्यात गेले, मुलगी झाल्याचं कळल्यानंतर. बातमी आली त्या दिवशी वहिनींनी बाटलीत राहिलेली साके काढली आणि एक पेला माझ्यापुढे ठेवला. मी तो प्यायले. घशात थोडं जळजळलं. तिसरा घोट आम्ही दोघींनी गच्चीवर जाऊन घेतला, त्यांच्या नियमानं.

पुढं गोदीतलं काम कमी होत गेलं आणि माणसं परत जायला लागली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर वसंतरावांचाही नंबर लागला. मालवणला परत जायचं ठरलं. सामान आवरताना मी वहिनींना म्हटलं, "चला, शेवटी आपल्या गावाला."

त्या घडी घालत होत्या ती साडी तशीच मांडीवर राहिली. "गाव म्हणतंस तो खंयचो गो? मालवणात होतंय तेव्हा बर्फ आठवायचो. हय इलंय तर सासू आठवली. मी ज्या गावात नसतंय ना, त्याच गावची आसतंय." मग खिडकीतून दिसणाऱ्या टाक्यांकडे आणि अँटेनांकडे बघत म्हणाल्या, "आता ह्या पण आठवतला. बघ तू."

मुहर्रकच्या विमानतळावर आम्ही सगळे पोचवायला गेलो. छोकरी इंग्रजी शाळेतली, "ममा, आर वी गोइंग होम?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. वहिनींनी तिला कडेवर घेतलं. ब्रिजितला मिठी मारली. माझ्यासमोर आल्या आणि कमरेतून खाली वाकून नमस्कार केला, त्यांच्या गावच्या पद्धतीनं, मालवणच्या नव्हे. इतक्या वर्षांत तसा नमस्कार त्यांनी मला कधी केला नव्हता. मला तसं वाकता येईना, म्हणून मी नुसतीच त्यांच्या खांद्याला धरून उभी राहिले.

परतताना माझे यजमान पुढं बसले होते, ब्रिजित माझ्याशेजारी खिडकीला डोकं टेकून गप्प. टॅक्सीवाला म्हातारा बहरीनी होता. पुलावर आल्यावर त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "रोना नहीं, मॅडम. कौन गया? बहन?"

दोन्ही बाजूंना समुद्र होता. मी म्हटलं, "हां. बहन."