ब्लूग्रासला दिलेली दाद

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतरी तुम्ही हसणारच! तीस वर्षं बातमीदारी केली, मंत्र्यांना घाम फोडला; पण दुबईच्या करामा भागातल्या एका छोट्या हॉलमध्ये माझी गाळण उडाली.

माझी लेक सानिका पंधरा वर्षांची, जन्म दुबईतलाच. तिला अमेरिकन लोकसंगीताचं वेड. म्हणून दर शनिवारी आम्ही दोघं वॉल्टर नावाच्या अमेरिकन शिक्षकाकडे जायचो. तासभर इतिहास, तासभर वादन. ती व्हायोलिन शिकायची, मी बँजो. मला मोजून दोन कॉर्ड यायचे.

शेवटच्या शनिवारी लोकांसमोर कार्यक्रम होता. सगळ्यांनी गोल बसून ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या प्रकारातली एक धून वाजवायची, मधेमधे एकेकाने एकट्याने. सानिकाने आपला तुकडा तीन आठवडे घोटला होता. मला फक्त मागे बसू द्या, एवढंच माझं मागणं होतं.

वॉल्टरने मँडोलिनवर अशी जागा घेतली की मी मान डोलावली. गाणं ऐकताना मान न हलवणारा माणूस आपल्याकडे ठोकळाच की नाही? झालं. सगळ्यांनी वाद्यं हळू केली आणि माझ्याकडे बघू लागले. आता? दोन कॉर्ड उलटसुलट वाजवले. लोकांनी बिचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आभारादाखल मान लववली. पुन्हा वाद्यं हळू, पुन्हा मीच! मग वॉल्टरने काळजीने पाहिलं. मी मानेनेच म्हटलं, ठीक आहे, चालू द्या. तिसऱ्यांदा मी.

धून संपली. सानिका व्हायोलिन खांद्याला लावून तशीच बसलेली, डोळे भरलेले.

मी ताडकन उठलो आणि भर हॉलमध्ये वॉल्टरला जाब विचारला. मेहनती मुलीला डावलून एका अडाण्याला तीनदा संधी? पाळी ठरवली कोणी?

“तुम्हीच, सर,” वॉल्टर म्हणाला. “मी बघतो, जो मान हलवेल त्याची पाळी. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा बँजो आफ्रिकेतून आल्याचा पुरावा मागत होता.”

हॉल हसला. सानिका नाही.

“बाबा, प्लीज वेट आउटसाइड.”

मी निमूट बाहेर गेलो. वॉल्टरने तिच्यासाठी धून पुन्हा सुरू केली. बंद दाराला कान लावून मी ऐकत राहिलो. काय वाजवलं हो पोरीने!

वॉचमन जवळ आला. “आपकी बेटी अंदर बजा रही है, और आप बाहर? क्या हुआ, साब?”

जन्मभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारा मी, त्याला म्हणालो, “नो कॉमेंट.”